अ‍ॅड्रिनलचा आजार: रक्त किती वाजता काढलं, हे आधी विचारा

दोन मूत्रपिंडं आणि प्रत्येकाच्या वरच्या टोकाला बसलेली एकेक पिवळसर ग्रंथी. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. नाव अ‍ॅड्रिनल, शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हटलंय. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात थायरॉईड आता घरोघरी पोचलाय, शुगरचं तर बोलूच नका. अ‍ॅड्रिनल हे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते सिटी स्कॅनच्या रिपोर्टात, नाहीतर आयसीयूच्या दारात.

तिथवर पोचायला उशीर का होतो? आजार कमी आढळतात हे खरं, पण मुख्य अडचण लक्षणांची आहे. थकवा, चक्कर, बीपी, वजन वाढणं, वजन उतरणं. यातलं एखादं तरी प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला असतंच. त्या गर्दीतून ही ग्रंथी हुडकून काढायची तर रक्त किती वाजता काढलं, कुठली गोळी आधी दिली, स्कॅन तपासण्यांच्या आधी केला की नंतर, याला रिपोर्टातल्या आकड्याइतकंच महत्त्व असतं. माझ्या मते काकणभर जास्तच.

या ग्रंथीचे भाग दोन. बाहेरचा थर तीन जातीची हार्मोन्स बनवतो. पहिलं कॉर्टिसोल. उपाशीपोटी साखर टिकवणं, रक्तदाब सांभाळणं, ताप किंवा अपघात आला की शरीराला उभं ठेवणं ही त्याची कामं. दुसरं अल्डोस्टेरोन, जे शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं. तिसरी पुरुषी गुणाची हार्मोन्स, जी बायकांच्या शरीरातही थोडी तयार होतात. आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनालिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिन येतं, तेच कुत्रं अंगावर आल्यावर छातीत धडधड करणारं. कॉर्टिसोलवर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा; ती एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि अ‍ॅड्रिनल कामाला लागते. अल्डोस्टेरोनची दोरी मात्र मुख्यतः मूत्रपिंडातून निघणाऱ्या रेनिनच्या हातात असते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

कॉर्टिसोल दिवसभर सारखं नसतं. पहाटे चढतं, सकाळी जागं होण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त, आणि मध्यरात्री सगळ्यात कमी. त्यामुळे दुपारी चार वाजता काढलेल्या रक्तात कॉर्टिसोल ५ मायक्रोग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तामागे; पुढचे आकडेही याच मापात) आलं, तर ते कमी की बरोबर, हे कुणालाच सांगता येणार नाही. सकाळी आठला तेच ५ आलं तर डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात. त्यातही एक मेख आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा हंगामात साखर कारखान्यात महिनोन्महिने रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ तुमच्या-आमच्या सकाळी उगवत नाही. झोप कधी झाली, कामाची पाळी कुठली, हे रक्त देण्याआधी सांगायला हवं. लॅबवाला विचारेल याची वाट बघू नये.

गोळ्यांनी झोपवलेली ग्रंथी

अ‍ॅड्रिनल कमी पडण्याची कारणं पुस्तकात लांबलचक असतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिसणारं कारण औषधाच्या स्ट्रिपमध्ये असतं: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. ही स्टेरॉईड्स म्हणजे कॉर्टिसोलचीच जोरदार भावंडं. दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही आजार यांत ती जीव वाचवतात, आणि डॉक्टरच्या नजरेखाली घेतली तर भ्यायचं कारण नाही. १९४८ साली संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन पहिल्यांदा वापरलं आणि १९५० साली हेंच, केंडॉल आणि राईखस्टाईन यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं, ते उगीच नव्हे.

भीती आहे ती नाव नसलेल्या पुडीची. गुडघे धरलेत, कंबर दुखते, अंगाला खाज आहे, पोरगं बारीक आहे, अशा कुठल्याही तक्रारीवर एक पुडी मिळते. दोन दिवसांत गुण येतो. भूक लागते, अंग भरतं, चेहरा गोल होतो आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘तब्येत सुधारली की.’ मग सहा महिने तीच पुडी. एक दिवस पुडीवाला गावाला जातो, किंवा कुणीतरी सांगतं की ही गोळी वाईट, आजच बंद कर. आणि बाई अंथरुणाला खिळते.

आत काय घडलेलं असतं? छतावरची टाकी भरलेली असली की मोटार चालू करायची गरज पडत नाही. तुम्ही रोज बाहेरून टँकर आणून टाकी भरत राहिलात तर मोटार महिनोन्महिने बंदच राहते, आणि ज्या दिवशी टँकर येत नाही त्या दिवशी बटण दाबून पाहावं तर ती जाम झालेली असते. रक्तात स्टेरॉईड भरपूर दिसलं की पिट्यूटरी एसीटीएच सोडत नाही, एसीटीएच नाही म्हणून अ‍ॅड्रिनल सुकत जाते. प्रेडनिसोलोन रोज साधारण ५ मिलिग्रॅमच्या वर, ३-४ आठवड्यांहून जास्त काळ चाललं की ही शक्यता धरायचीच. गोळीच्या आकारावर जाऊ नका. अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ही चिमुकली गोळी ३-४ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचं काम करते. सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शनं आणि अंगभर वर्षानुवर्षं चोपडलेलं तगडं मलमही हेच करू शकतं.

उतरण हळूहळू असते. डॉक्टर मात्रा कमी करत करत शरीराच्या रोजच्या गरजेइतकी, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणतात. मग एके दिवशी सकाळची गोळी न घेता आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासतात. १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली असं समजून गोळी थांबवता येते; ५ ते १० असेल तर तीच मात्रा चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं; ५ च्या खाली असेल तर अजून काही महिने धीर धरायचा. ‘सकाळची गोळी न घेता’ हे नीट पाळावं लागतं, कारण प्रेडनिसोलोन बऱ्याच लॅबच्या मशीनला कॉर्टिसोलच वाटतं आणि आकडा खोटाच फुगतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही कॉर्टिसोल उगाच जास्त दिसतं. तेव्हा काय काय औषधं चालू आहेत, हे लाज न बाळगता सांगावं. पुडीतली असतील तर पुडीच घेऊन जावी.

अ‍ॅडिसन: ग्रंथीच पोखरली तर

१८५५ साली लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्यांनी पाहिलेल्या बऱ्याच रुग्णांच्या अ‍ॅड्रिनल क्षयरोगाने पोखरलेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आता शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटणं हे मुख्य कारण आहे. आपल्याकडे क्षय अजून हटलेला नाही. त्याच्या जोडीला हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी आहे, जी पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढते.

समजा, निपाणीत बिडी वळणारी एक चाळिशीची बाई आहे. सहा महिन्यांत वजन दहा किलोने उतरलं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, सकाळी मळमळ, जेवण नको, पण लोणच्याचा खार चाटावासा वाटतो, मिठाचा खडा तोंडात टाकावासा वाटतो. रंग काळवंडलाय. घरचे म्हणतात, रक्त कमी झालं. कुणी म्हणतं, उन्हानं. पण ऊन हिरड्यांवर पडत नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांच्या पेरांवरची कातडी आणि जुन्या जखमांचे व्रण काळे पडत असतील तर तिथे थांबून विचार करायचा. पिट्यूटरी जीव तोडून एसीटीएच सोडत असते, आणि त्याच घडणीत तयार होणारे घटक कातडीचा रंग गडद करतात. गोळ्यांनी झोपलेल्या ग्रंथीत एसीटीएचच नसतं, म्हणून तिथे रंग बदलत नाही. आणखी एक फरक: गोळ्यांच्या प्रकारात रेनिनचा कारभार शाबूत असल्याने अल्डोस्टेरोन टिकून राहतं. अ‍ॅडिसनमध्ये तेही जातं, म्हणून मीठ वाहून जातं, रक्तात सोडियम उतरतं आणि पोटॅशियम चढतं.

साध्या तपासणीतले हे दोन आकडे, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, तालुक्याच्या गावातही मिळतात. त्यावरून संशय घेणारा डॉक्टर भेटला की अर्धं काम झालं. पुढे सकाळी आठचं कॉर्टिसोल. ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्कं. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा हा आजार नाही. मधल्यांसाठी ग्रंथीला ढोसून बघावं लागतं: एसीटीएचचं इंजेक्शन द्यायचं आणि ठरलेल्या वेळी पुन्हा कॉर्टिसोल मोजायचं. परदेशात त्यासाठी सिनॅक्थेन वापरतात. ते भारतात सहज मिळत नसल्याने अनेक ठिकाणी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम हे जास्त वेळ टिकणारं इंजेक्शन दंडात देऊन एका तासाने रक्त घेतात. ग्रंथी जिवंत असेल तर आकडा उसळी घेतो.

रक्तातलं एसीटीएच मोजणं हे लॅबच्या शिस्तीचं काम आहे. जांभळ्या टोपणाची नळी आधीच थंड केलेली हवी, रक्त घेताच बर्फात, लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा आणि तो गोठवून पुढे रवाना. बर्फाशिवाय तासभर टेबलावर पडलेल्या नमुन्यात एसीटीएच कमी दिसतं, आणि आजार अ‍ॅड्रिनलचा असताना ठपका पिट्यूटरीवर जातो. खानापूर किंवा अथणीहून नमुना मोठ्या लॅबला पाठवण्यापेक्षा माणसाने स्वतः सकाळच्या एसटीने बेळगावला किंवा मिरजेला जाऊन रक्त द्यावं, असं मी याच एका कारणासाठी सुचवेन. एवढं झाल्यावर सिटी स्कॅन. क्षयात आणि बुरशीत ग्रंथी सुरुवातीला फुगलेल्या दिसतात, जुन्या क्षयात आक्रसून त्यांत चुना साठलेला दिसतो.

हे सगळं चालत्या-बोलत्या रुग्णासाठी. रुग्ण कोसळलेला असेल, बीपी लागत नसेल, उलट्या थांबत नसतील आणि संशय दाट असेल, तर रक्त काढून ठेवायचं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत वेगाने सलाईन. वाट बघण्यात माणूस जातो. इंजेक्शन उगाच दिलं गेलं तर एका डोसने काही बिघडत नाही.

उपचार साधे आणि आयुष्यभराचे. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत. सगळ्यात मोठा भाग उठल्याउठल्या, शेवटचा संध्याकाळ होण्याआधी, नाहीतर रात्री झोप लागत नाही. ती परवडत किंवा मिळत नसेल तर प्रेडनिसोलोन ३ ते ५ मिलिग्रॅम. अल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन, जी लहान गावातल्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. महिनाभराचा साठा पुढे हवा. या रुग्णांना मीठ कमी करायला सांगू नये. एप्रिल-मेच्या उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्याला तर उलट जास्त लागतं. कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

औषधांच्या क्रमाच्या दोन गोष्टी डॉक्टरांच्याही हातून कधी निसटतात. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल झपाट्याने संपवायला लावतं. त्यामुळे अ‍ॅड्रिनल अर्धमेली असलेला क्षयरोगी औषध सुरू झाल्यावर बरा होण्याऐवजी ढासळू शकतो. स्टेरॉईडची मात्रा वाढवावी लागते. दुसरी: थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉईड, मग थायरॉईडची गोळी. क्रम उलटा झाला तर गोळी कॉर्टिसोलची गरज वाढवते आणि माणूस संकटात जातो.

ताप आला की काय करायचं

अ‍ॅडिसन असो की गोळ्यांनी झोपलेली ग्रंथी, नियम एकच. निरोगी शरीर आजारात कॉर्टिसोल वाढवतं. इथे ते काम आपल्याला करायचं असतं. ताप आला, दात काढायचाय, तर हायड्रोकॉर्टिसोनची रोजची मात्रा दुप्पट, ताप जास्त असेल तर तिप्पट, दोन-तीन दिवस. मग पुन्हा नेहमीची. उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा इंजेक्शनच, आणि जोराचा अपघात झाला तरीही इंजेक्शनच: मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन मांडीच्या स्नायूत, आणि तडक दवाखाना. हे इंजेक्शन घरात ठेवावं आणि घरातल्या एकाने तरी द्यायला शिकून घ्यावं. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, फाईल दाखवायची. ‘तापात गोळ्या बंद ठेव, पोटात काही नाही’ हा घरोघरचा सल्ला इथे जिवावर बेततो.

आणि एक कार्ड. आपल्या भागाची गंमत अशी की निपाणी-चिकोडीचा माणूस आजारी पडला की कोल्हापूर गाठतो, कागवाड-अथणीचा मिरज, खानापूरचा बेळगाव. रस्त्यात पडला तर १०८ नेईल त्या सरकारी दवाखान्यात जायचं, आणि तिथे रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मराठी येईल की कन्नड, याची खात्री नाही. म्हणून खिशातलं कार्ड मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्हींत असावं. मजकूर तीन ओळींचा पुरे: मला अ‍ॅड्रिनलचा आजार आहे. स्टेरॉईड बंद करू नका. उलट्या होत असतील, शुद्ध हरपली असेल किंवा बीपी कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या. मागे घरचा फोन नंबर. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपल्याकडे खूप भांडणं झाली. या कार्डावर तिन्ही भाषा सुखाने नांदू देत.

जाता जाता, इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाने थुंकीच्या तपासण्या आणि ताकदीच्या कॅप्सूल विकल्या जातात. असा आजार हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. थकव्याचं खरं कारण रक्तक्षय, झोप, शुगर, थायरॉईड किंवा मनातली उदासी असतं आणि ते शोधायचं राहून जातं.

जास्त झालं तर

कॉर्टिसोल जास्त झालं की त्याला कुशिंग म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननी पिट्यूटरीच्या गाठीमुळे होणारा प्रकार १९३२ साली सविस्तर मांडला. इथेही पहिला प्रश्न पुडी-गोळ्यांचाच, कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉईड हेच सगळ्यात मोठं कारण. लठ्ठ प्रत्येक माणूस कुशिंग नसतो, आणि बहुतेक नसतातच. वेगळी ओळख सांगणाऱ्या खुणा अशा: पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, पातळ कातडी, आणि मांड्यांची ताकद गेल्यामुळे जमिनीवर मांडी घालून बसलेलं असताना हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता न येणं. जेवायच्या पंगतीत ही शेवटची खूण चटकन दिसते.

तपासणी पुन्हा घड्याळाची. रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घ्यायचं आणि सकाळी आठला रक्त. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल दबून १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जातं. दबलं नाही तर पुढे मध्यरात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसोल किंवा २४ तासांची लघवी. कॉर्टिसोल खरंच जास्त आहे हे ठरल्यावर एसीटीएच: कमी असेल तर दोष अ‍ॅड्रिनलमध्ये, पोटाचा सिटी स्कॅन, जास्त असेल तर बहुधा पिट्यूटरीत, डोक्याचा एमआरआय. आधी एमआरआय केला तर निष्पाप ठिपके सापडतात आणि भलतीच शस्त्रक्रिया व्हायची भीती असते. अ‍ॅड्रिनलची गाठ दुर्बिणीतून काढतात. त्यानंतर उरलेली दुसरी ग्रंथी झोपलेलीच असते, म्हणून काही महिने हायड्रोकॉर्टिसोन आणि ते खिशातलं कार्ड लागतं.

अल्डोस्टेरोन जास्त होण्याचा प्रकार जेरोम कॉन यांनी १९५५ साली मांडला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात जास्त निसटतो. कारण तो साध्या बीपीच्या वेशात फिरतो. बीपीच्या दर १०० रुग्णांमागे ५ ते १० जणांना तो असतो. तीन गोळ्यांनीही बीपी न उतरणाऱ्यांत त्याहून जास्त. पोटॅशियम कमी असणं ही त्याची प्रसिद्ध खूण, पण बहुतेकांचं पोटॅशियम ठीकच असतं. तिशीत बीपी लागलं, घरात कुणाला कमी वयात लकवा मारला, गोळ्या वाढतच चालल्या, पायात गोळे येतात, तर डॉक्टरांना अल्डोस्टेरोन-रेनिन तपासायचं का, एवढं विचारायला हरकत नाही. सकाळी उठून दोनेक तास हिंडल्या-फिरल्यावर, मग थोडं बसून रक्त द्यायचं. पोटॅशियम आधी भरून घ्यायचं, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण ४ आठवडे आधी थांबवायचं. गंमत म्हणजे एसीटीएचला बर्फ हवा, रेनिनला तो चालत नाही. गार केला की नमुन्यात रेनिन उगाच वाढतं. एकाच डब्यात दोन्ही नळ्या बर्फात टाकणारी लॅब असेल तर दुसरी शोधा.

रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरोन चढलेलं ठरलं की एक ग्रंथी दोषी की दोन्ही, हे पाहायचं. स्कॅनवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून थेट रक्त घेऊन तुलना करतात, जे मोठ्या केंद्रातच होतं. एकच असेल तर ती काढता येते. दोन्ही असतील तर स्पायरोनोलॅक्टोन, ही जुनी आणि स्वस्त गोळी. पुरुषांची छाती तिने कधी दुखते-फुगते. तसं झालं तर न सांगता गोळी टाकून देऊ नये, एप्लेरेनोन हा पर्याय आहे.

आतल्या गाभ्यातली गाठ, फिओक्रोमोसायटोमा, कमी आढळते पण धोक्याची. मध्येच झटका येतो: डोकं फुटेल असं दुखणं, घामाने निथळणं, छातीत धडधड, चेहरा पांढरा फटक, बीपी आकाशाला. पाऊण तासात सगळं शांत. घरचे म्हणतात, टेन्शन घेतो. तपासणी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनालिन मोडून बनणारा घटक), रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत. रक्ताची असेल तर आधी अर्धा तास आडवं पडून राहायचं. उपचारात क्रम म्हणजे सर्वस्व. आधी प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा फेनॉक्सिबेन्झामिन यांतलं अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध एक-दोन आठवडे, सोबत मीठ-पाणी भरपूर, धडधड उरली तर त्यानंतर बीटा ब्लॉकर, मग शस्त्रक्रिया. बीटा ब्लॉकर आधी दिलं तर रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन बीपी उसळतं. साधारण तिघांपैकी एकाला हा आजार वारशाने येतो, म्हणून जनुकांची तपासणी आणि भावंडांची चौकशी.

बाळाच्या दुसऱ्या आठवड्यात

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही, आणि काही घरांत सख्ख्या मामाशीही होतं. त्यावर प्रवचन देण्याचा माझा इरादा नाही. पण नात्यातल्या जोडप्यांत जे आजार जास्त दिसतात त्यांत जन्मजात अ‍ॅड्रिनलचा एक आहे, हे माहीत असलेलं बरं. कॉर्टिसोल बनवणारं एक एन्झाइम कमी असतं. ९० टक्क्यांहून जास्त बाळांत ते २१-हायड्रॉक्सिलेज असतं. कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. मुलीच्या बाह्य जननांगाची ठेवण त्यामुळे बदललेली दिसते आणि घाईत ‘मुलगा’ म्हणून नोंद होते. आत मात्र गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असतात. मुलगा असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, वजन घटतं, सुस्त पडतं. नजर लागली, जुलाब झाले म्हणून दिवस जातात आणि मिठाअभावी बाळ दगावू शकतं. आधीचं एखादं बाळ असंच गेलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन १७-ओएचपी (तोच साचून राहिलेला कच्चा माल) तपासतात, जन्मानंतर २ ते ३ दिवसांनी. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, मागून घ्यावी लागते. निदान वेळेत झालं तर हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्ह्या बाळाला मोजून मीठ, एवढ्यावर मूल वाढतं, शाळेत जातं. जननांगाच्या ऑपरेशनची घाई नको. तो निर्णय हार्मोनतज्ज्ञ, सर्जन आणि घरच्यांनी सावकाश बसून घ्यायचा. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार येण्याची शक्यता चारात एक असते, आणि यात दोष एकट्या आईचा कधीच नसतो. जनुक दोघांकडून आलेलं असतं.

स्कॅनमध्ये अचानक सापडलेली गाठ

मुतखड्यासाठी स्कॅन केला आणि रिपोर्टात अ‍ॅड्रिनलवर २ सेंटिमीटरची गाठ लिहून आली, हे आता वरचेवर होतं. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. दोन प्रश्न विचारायचे. ती हार्मोन सोडते का? त्यासाठी सगळ्यांना डेक्सामेथासोनची रात्रीची तपासणी, बीपी असेल तर अल्डोस्टेरोन-रेनिन, आणि स्कॅनवर ती अगदी साधी चरबीची दिसत नसेल तर मेटानेफ्रिन. दुसरा, ती कर्करोगाची वाटते का? साध्या स्कॅनवर घनता १० युनिटपर्यंत असेल तर ती चरबीने भरलेली, सौम्य गाठ. ४ सेंटिमीटरच्या आत, घनता कमी आणि हार्मोन शांत असेल तर दरवर्षी स्कॅन करत बसण्याची गरज नाही. मोठी, दाट किंवा वाढणारी असेल तर सर्जनशी बोलायचं. आणि कुणी सुई घालून तुकडा काढू म्हणालं, तर मेटानेफ्रिनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय हो म्हणायचं नाही; फिओक्रोमोसायटोमात सुई घातली तर टेबलावरच बीपीचा झटका येऊ शकतो.